कॅम्पर व्हॅनला एअर सस्पेन्शन बसवताना: क्रम, मापं आणि नेमक्या चुका

व्हॅनचा मागचा भाग बसलेला दिसला की बहुतेक जण आधी एअर बॅग (स्प्रिंगचं काम करणारी, हवा भरलेली रबरी पिशवी) मागवतात आणि वजनाचा विचार नंतर करतात. सगळा घोळ इथून सुरू होतो. एअर बॅग व्हॅनची उंची परत आणते, पण एक्सल, ब्रेक, रिम आणि टायर यांची वजन पेलायची मर्यादा तिच्यामुळे एका किलोनेही वाढत नाही. जास्त भरलेली व्हॅन हवा भरून सरळ उभी केली तर ती दिसायला ठीक दिसते आणि धोका मात्र नजरेआड जातो. म्हणून खालचा क्रम सोडू नका. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे वाटतील, पण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

## १. आधी वजनकाटा

व्हॅन प्रवासाला निघते तशी भरा. पाण्याची टाकी, इंधन, गॅस, भांडी, कपडे, सायकली, छतावरचं सामान आणि बसणारी सगळी माणसं. रिकामी व्हॅन काट्यावर नेऊन उपयोग नाही.

तीन वजनं घ्या: पूर्ण व्हॅनचं, फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, आणि फक्त मागची चाकं ठेवून. डावं-उजवं वेगळं मोजता येत असेल तर तेही घ्या. स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला आल्याने दोन चाकांवरच्या भारात बराच फरक पडलेला आढळतो. मग हे आकडे व्हॅनवरच्या उत्पादकाच्या पट्टीशी ताडून बघा. त्या पट्टीवर एकूण वजनाची मर्यादा आणि प्रत्येक एक्सलची मर्यादा वेगवेगळी दिलेली असते.

एकूण वजन मर्यादेत आणि मागचा एक्सल मर्यादेबाहेर, असं चित्र कॅम्परमध्ये नेहमी दिसतं. त्याचं कारण मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबणारा भाग. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ४ मीटर आहे आणि मागच्या एक्सलच्या १.५ मीटर मागे तुम्ही १०० किलोचं सामान टांगलं. मागच्या एक्सलवर १०० किलो वाढतील असं वाटतं. प्रत्यक्षात १०० गुणिले ५.५ भागिले ४, म्हणजे १३७.५ किलो वाढतात. वरचे ३७.५ किलो पुढच्या एक्सलवरून उचलले जातात. पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटतं, आणि पुढच्या चाकांवर चालणारी व्हॅन असेल तर ओल्या चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. बॅगेत हवा भरून मागचा भाग वर आला तरी हे ३७.५ किलो पुढे परत जात नाहीत. ते परत आणायचे तर सामानच पुढे सरकवावं लागतं.

थांबा: कोणताही एक्सल मर्यादेच्या वर असेल तर खरेदी इथेच थांबवा. आधी सामान कमी करा किंवा हलवा. अधिकृत मर्यादा वाढवून घ्यायची असेल तर ती स्वतंत्र तांत्रिक आणि कागदोपत्री प्रक्रिया आहे. काही वाहनांसाठी एअर बॅग हा त्या प्रक्रियेचा एक भाग असतो, पण मंजुरी मिळेपर्यंत जुनी मर्यादाच लागू राहते.

## २. जुनं सस्पेन्शन तपासा आणि उंची लिहून ठेवा

बसलेल्या व्हॅनचं दुखणं पुष्कळदा हवेच्या अभावात नसतंच. कमानपाट्यांपैकी एखादा पाटा तडकलेला असतो, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या सांध्याचे) बुश झिजलेले असतात किंवा शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळत असतं. एअर बॅग ही स्प्रिंग आहे. झोके थांबवायचं काम शॉक ॲब्सॉर्बरचं, आणि तो गेला असेल तर नव्या बॅगेनंतर व्हॅन आधीपेक्षा जास्त डोलेल. पाट्यांच्या टोकांवर आणि मधल्या बोल्टपाशी टॉर्च मारून बघा. गंजाची ताजी तांबूस रेघ आडवी दिसली तर तिथे तडा असण्याची शक्यता मोठी आहे.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर चाकावरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत मोजा. सपाट जमीन, चारही चाकं, एकदा रिकामी आणि एकदा पूर्ण भरलेली. हे आठ आकडे कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवा. पुढे हवेचा दाब ठरवताना, ब्रेकचा व्हॉल्व्ह जुळवताना आणि वर्षभराने काही बिघडलं का हे पाहताना हाच कागद लागेल.

टायरवरचा भार निर्देशांकही याच वेळी वाचून घ्या. तो एक्सलच्या भाराला पुरत नसेल तर आधी टायर बदला.

## ३. प्रकार निवडा

निवडीचे खरे रस्ते दोन.

मदतनीस एअर बॅग. मूळ कमानपाटे तसेच राहतात. बॅग चासी आणि एक्सल यांच्यामध्ये, बहुतेकदा रबरी बंप स्टॉपच्या (एक्सल चासीवर आदळू न देणाऱ्या ठोकळ्याच्या) जागी बसते आणि भाराचा काही वाटा उचलते. काम तुलनेने सोपं, खर्च आटोक्यात, आणि बॅग फुटली तरी पाट्यांवर हळू चालवत घरी येता येतं. कायम जड असणाऱ्या, मागून बसणाऱ्या किंवा वाऱ्यात झुलणाऱ्या व्हॅनसाठी माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात इथूनच करावी.

पूर्ण एअर सस्पेन्शन. पाटे काढले जातात किंवा त्यांच्या जागी नवे दांडे येतात आणि सगळा भार हवेवर जातो. उंची मोजणारे सेन्सर, कॉम्प्रेसर, बरेचदा हवेची टाकी, आणि सगळ्यावर लक्ष ठेवणारा कंट्रोलर. भार कितीही बदलला तरी उंची आपोआप सारखी राहते आणि प्रवास खरोखर मऊ होतो. पण हे घरच्या अंगणात करायचं काम नाही. त्या किटचं प्रशिक्षण घेतलेल्या कारागिराकडेच ते द्यावं. पुढचे बसवण्याचे टप्पे म्हणूनच मदतनीस बॅगेबद्दल आहेत. वापराचे नियम मात्र दोन्हींना लागू होतात.

कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्यांसाठी कॉइलच्या आत बसणाऱ्या नळकांडीसारख्या बॅगाही मिळतात. त्या कमी भार उचलतात आणि त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

बॅगेचा आकारही बघा. दोन फुगवटे असलेली बॅग एक्सल तिरका झाला तरी सहज वाकते. कमानपाट्यांचा एक्सल वर-खाली होताना थोडा फिरतोच, म्हणून तिथे ती चांगली. सरळ नळकांड्यासारखी, खालच्या पिस्टनवर गुंडाळत जाणारी बॅग जास्त मऊ असते, पण तिला नेमकी सरळ रेषा लागते.

किट मागवताना व्हॅनचं मॉडेल आणि वर्ष एवढंच सांगून भागत नाही. पाटे एक आहेत की दोन, मागे एकेरी चाकं की दुहेरी, चासी मूळ उत्पादकाची की कॅम्पर बनवणाऱ्याने बदललेली, मागे टो-बार आहे का, हे सगळं सांगा. फियाट डुकाटोसारखी एकच व्हॅन कमानपाट्यांच्या मूळ चासीवरही असते आणि टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असलेल्या आल-को कंपनीच्या चासीवरही. एकाचं किट दुसऱ्याला चालत नाही.

डाव्या-उजव्या बॅगेला वेगळी नळी हवी. पैसे आणि मेहनत वाचवायला दोन्ही बॅगा टी-जोडाने एकाच नळीवर घेणारे बरेच आहेत. वळणावर बाहेरच्या बाजूची बॅग दाबली जाते आणि तिची हवा नळीतून आतल्या बाजूच्या बॅगेत पळते. म्हणजे जिथे आधार हवा तिथेच तो कमी होतो आणि व्हॅन जास्त कलते. उंच, जड छताच्या कॅम्परमध्ये ही बचत अजिबात करू नका. वेगळ्या नळ्या असल्या की एका बाजूला जास्त वजन असेल तर त्या बाजूला थोडा जास्त दाब ठेवता येतो, हाही फायदा.

कॉम्प्रेसर हवाच का? व्हॅनचा भार वर्षभर जवळपास सारखा असेल तर टायरसारखे दोन हवेचे व्हॉल्व्ह बंपरपाशी बसवा आणि पंपाने हवा भरा. बिघडायला काहीच उरत नाही. भार वरचेवर बदलत असेल, म्हणजे कधी मोटरसायकल मागे, कधी रिकामी, तर केबिनमधून चालणारा कॉम्प्रेसर आणि दोन काट्यांचं गेज घ्या.

## ४. परवानगी आणि विमा

सस्पेन्शनमधला बदल अनेक देशांत नोंदवावा लागतो. किटसोबत तुमच्या वाहनासाठीचं मंजुरीपत्र येतं का ते खरेदीपूर्वी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पुढे सरकू.

## ५. बसवणं

तयारी. टॉर्क पान्हा, नळी कापायचा कटर, गंज सोडवणारं तेल, तारेचा ब्रश, गंजरोधक रंग, मजबूत ॲक्सल स्टॅण्ड आणि किटची पुस्तिका. बोल्टवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा.

धोका: नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या व्हॅनखाली कधीही जाऊ नका. आधीपासून एअर बॅग असलेली व्हॅन असेल तर काम सुरू करण्यापूर्वी हवा पूर्ण सोडा. पूर्ण एअर सस्पेन्शन असेल तर चासीवरून जॅक लावण्याआधी कंट्रोलर "जॅक" किंवा "सर्व्हिस" मोडमध्ये टाका. तसं न केल्यास गाडी उचलली जाताच यंत्रणा उंची "दुरुस्त" करायला हवा सोडू किंवा भरू लागते आणि स्टॅण्डवरची व्हॅन हलते.

१. व्हॅन सपाट, टणक जमिनीवर घ्या, पुढच्या चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावा, मागची चासी उचलून स्टॅण्डवर ठेवा. एक्सलखाली वेगळा जॅक असू द्या म्हणजे तो वर-खाली करून बघता येईल.

२. बंप स्टॉप काढा. ज्या जागी ब्रॅकेट बसणार ती जागा ब्रशने घासून धातूपर्यंत साफ करा. गंजाच्या पापुद्र्यावर आवळलेला बोल्ट काही दिवसांत सैल होतो.

३. वरचं आणि खालचं ब्रॅकेट आधी हाताने लावा, आवळू नका. बॅगेची वरची आणि खालची चकती भरलेल्या व्हॅनच्या उंचीला एका रेषेत यायला हवी. एक्सल लोंबकळत असताना रेषा बघितली तर ती फसवी असते, म्हणून जॅकने एक्सल वर घेऊन बघा.

४. ब्रॅकेट बसत नाही म्हणून चासीला किंवा एक्सलला नवं भोक पाडणं, वेल्डिंग करणं हे पुस्तिकेत सांगितलं नसेल तर करू नका. किट न बसण्याचं कारण बहुतेकदा चुकीचं किट हेच असतं.

५. रेषा जुळली की पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा. अंदाजाने नाही.

तपासणी: बॅगेत हवा भरली की ती बाहेरच्या बाजूने फुगते. पूर्ण फुगलेल्या अवस्थेत तिच्या चहूबाजूंनी बोटभर मोकळी जागा हवी. ब्रेकची नळी, हॅण्डब्रेकची केबल, एबीएसची वायर, शॉक ॲब्सॉर्बर, एक्झॉस्ट, प्रत्येकाकडे बोट नेऊन बघा. एक्सल पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊनही तेच करा. नळी रबराला जेमतेम टेकत असेल तरी काही हजार किलोमीटरमध्ये ती बॅग कापते. एक्झॉस्ट जवळ असेल तर उष्णतारोधक पत्रा लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

### हवेची नळी

बहुतेक गळती इथे होते आणि तिचं मूळ नळीच्या कापलेल्या टोकात असतं. घरगुती कात्रीने किंवा पकडीने कापलेलं टोक चपटं आणि तिरपं होतं. जोडातली गोल सील त्याच्यावर एका बाजूने नीट बसते आणि दुसऱ्या बाजूला केसाएवढी फट राहते. धारदार कटरने एका दाबात काटकोनात कापा, टोक गोल आहे ना हे डोळ्यासमोर धरून बघा, मग जोडात सरळ दाबा. पहिला अडथळा जाणवतो तिथे थांबू नका. अजून एकदा जोर दिल्यावर ती सीलच्या पलीकडे जाऊन तळाला टेकते. मग मागे ओढून बघा, निघता कामा नये. जोडात किती खोल गेली हे आधी नळीवर पेनाने खूण करून ठेवलं तर खात्री पटते.

नळी एक्झॉस्टपासून दूर, पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रॉमेटमधून, आणि बॅगेपाशी एक्सलच्या हालचालीपुरती ढील ठेवून न्या. क्लिप घट्ट आवळून नळी चेपू नका.

### कॉम्प्रेसरची वायरिंग

छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरही सुरू होताना बराच प्रवाह ओढतो. त्याला रिलेमार्फत सरळ बॅटरीवरून वेगळी वायर द्या, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा आणि वायरची जाडी पुस्तिकेप्रमाणे घ्या. सिगारेट लायटरच्या वायरीवर जोडणं ही आग लावण्याची तयारी आहे. कॉम्प्रेसर चाकांच्या चिखलापासून दूर, हवा आत घेणारं तोंड कोरड्या जागी असेल असा बसवा. तो सलग चालवायचा नसतो. पुस्तिकेत दिलेल्या वेळेनंतर थंड होऊ द्या.

## ६. गळतीची चाचणी

दोन्ही बॅगा मध्यम दाबाला भरा, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा आणि एक मिनिट बघत राहा. मोठे बुडबुडे लगेच दिसतात. बारीक गळती पांढऱ्या फेसाच्या हळूहळू वाढणाऱ्या ठिपक्यासारखी दिसते आणि घाईत ती हमखास सुटते.

मग दाब लिहून ठेवा आणि २४ तास थांबा. शक्यतो त्याच वेळी, तेवढ्याच तापमानाला पुन्हा वाचा. थंडीने दाब उतरतोच: २० अंशांना ३ बार असलेली बॅग १० अंशांना साधारण २.८६ बार दाखवते आणि त्यात गळती काही नसते. तापमान तेच असूनही दाब उतरला असेल, किंवा एकच बाजू उतरली असेल, तर जोड शोधा.

## ७. ब्रेकचा भारसंवेदक व्हॉल्व्ह: हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो

बऱ्याच व्हॅनमध्ये मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक दांडा किंवा स्प्रिंग गेलेली असते. व्हॅन भाराने बसली की दांडा व्हॉल्व्ह दाबतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. व्हॅन रिकामी, उंच असेल तर मागे कमी दाब जातो, म्हणजे हलकी चाकं लॉक होत नाहीत.

आता बॅगेत हवा भरा. व्हॅन भरलेली आहे, पण उंच आहे. व्हॉल्व्हला वाटतं ती रिकामी आहे. मागचे ब्रेक गरजेपेक्षा कमी लागतात, पुढच्यांवर सगळा बोजा येतो आणि थांबायचं अंतर वाढतं. रोजच्या सौम्य ब्रेकिंगमध्ये हे जाणवत नाही. उतारावर किंवा अचानक दाबावं लागलं की जाणवतं.

म्हणून वाकून बघा, असा दांडा आहे का. असेल तर किटसोबत त्याच्यासाठी वेगळी स्प्रिंग किंवा ब्रॅकेट आणि जुळवणीची सूचना असायला हवी. ती जुळवणी ब्रेकचा दाब मोजू शकणाऱ्या गॅरेजमध्ये करून घ्या. दांडा तारेने खाली बांधून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, कारण मग रिकाम्या व्हॅनची मागची चाकं लॉक होतील. ज्या गाड्यांत हे काम एबीएसचा कंट्रोलर करतो त्यांत दांडा नसतो, आणि तिथे या टप्प्याची गरज नाही.

हेडलाइटची दिशाही याच फेरीत जुळवून घ्या.

## ८. दाब ठरवणं

१. किटची किमान आणि कमाल मर्यादा वाचा. अनेक मदतनीस किटमध्ये कमाल मर्यादा ७ बारच्या आसपास असते, म्हणजे सुमारे १०० पीएसआय. ती छत आहे, लक्ष्य नाही. तुमच्या पुस्तिकेतला आकडाच धरा.

२. व्हॅन प्रवासाएवढी भरा, किमान दाबापासून सुरुवात करा आणि थोडी थोडी हवा वाढवत प्रत्येक वेळी चाकाच्या मध्यापासूनची उंची मोजा.

३. रिकाम्या उंचीपर्यंत न्यायचा हट्ट धरू नका. भरलेली व्हॅन रिकामीपेक्षा खाली बसणं हे डिझाइनमध्येच धरलेलं असतं. बाजूने पाहिल्यावर ती सपाट किंवा मागे किंचित वर दिसली की पुरे.

४. त्या दाबाला नेहमीच्या रस्त्यावर चालवा. मागून ठोके बसत असतील, छोट्या खड्ड्यावर चाक उडतंय असं वाटत असेल, तर हवा जास्त आहे. वळणावर लोळत असेल किंवा खड्ड्यात धातूचा आवाज येत असेल तर कमी.

५. ठरलेले दोन दाब, भरलेल्या आणि रिकाम्या व्हॅनचे, गेजजवळ चिकटवा.

जास्त हवेचा आणखी एक त्रास आहे. पाटे आपला भार चासीवर दोन टोकांना देतात, बॅग तो मधल्या एका जागी देते. दाब जितका जास्त तितका त्या एका जागेवरचा ताण जास्त.

किमान दाबाखाली चालवू नका. रिकामी बॅग दुमडते, चकत्यांमध्ये चिमटली जाते आणि फाटते. बॅग फाटण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

## ९. मुक्कामावर वापर

फक्त मागच्या दोन बॅगा असतील तर मागचा भाग थोडा उचलता येतो आणि डावीकडे-उजवीकडे थोडा कल काढता येतो. बाकीचं काम चाकाखालच्या ठोकळ्यांवर सोडा. चारही चाकांवरची पूर्ण यंत्रणा व्हॅन सपाट करते, पण आत चालताना ती हलणारच, कारण भार अजून हवेवरच आहे.

निघताना दाब प्रवासाच्या खुणेवर आणल्याशिवाय हॅण्डब्रेक सोडू नका. एका बाजूला उचललेली व्हॅन रस्त्यावर नेणं धोक्याचं आहे, आणि मुक्कामाहून निघताना ही आठवण नेमकी निसटते. गेजजवळच्या त्या चिठ्ठीवरच हेही लिहा.

## १०. पुढची देखभाल

पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा साधारण १,००० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्ह्याने तपासा. नवं ब्रॅकेट बसताना थोडं दबतं आणि बोल्ट सैल होतात.

महिन्यातून एकदा दाब बघा. टायरच्या हवेबरोबर ही सवय लावली की विसर पडत नाही. चिखल, वाळू आणि रस्त्यावरचं मीठ बॅगेच्या घडीत साचून रबर घासतं, तेव्हा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने घड्या धुवा. पेट्रोल, डिझेल किंवा ग्रीस रबराला लावू नका. धुतल्यावर घडीच्या आत बोट फिरवून बघा. रबराखालचे धागे दिसत असतील किंवा आडवी चीर हाताला लागत असेल तर दोन्ही बाजूंच्या बॅगा एकदमच बदला.

हवेची टाकी असेल तर तिच्यातलं पाणी नियमित सोडा. दाबलेल्या हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते. कडक थंडीत ते व्हॉल्व्हमध्ये गोठलं की एक बाजू वर आणि एक बाजू खाली अशी अडकलेली व्हॅन सकाळी सापडते. थंड प्रदेशात जायचं असेल तर निघण्याआधी टाकी कोरडी करा आणि हवेतली वाफ शोषणारा ड्रायर बसवलेला असेल तर त्याचं काडतूसही बदलून घ्या.